ट्रॉलीतली कासवआई

कपडे धुण्याच्या पावडरींच्या रांगेत, दोन किलोचं पाकीट घ्यावं की पाच किलोचं, या विचारात ती उभी होती आणि तिच्या पाठीमागून तिच्याच आवाजात कोणीतरी म्हणालं, "सावकाश, बाळांनो, सावकाश. आपल्याला कुठे पळायचंय?" तिच्या हातातलं पाकीट निसटलं. स्वतःचा आवाज बाहेरून ऐकणं तिला काही नवं नव्हतं. पोटापाण्याचा धंदाच तो. पण तो आवाज त्याच वेळी तिच्या पुढ्यातही, तिच्या स्वतःच्या ट्रॉलीत बसलेल्या मुलीच्या हातातल्या फोनमधून येत होता, आणि तिथे तो दुसरंच काहीतरी बोलत होता. पुढे एक आपण, मागे एक आपण आणि मधे पावडर निवडणारी तिसरी, असं क्षणभर होऊन तिला गरगरल्यासारखं झालं. तिने वळून पाहिलं. शर्टाचं एक बटण चुकीच्या काजात घातलेला एक गृहस्थ ट्रॉली ढकलत होता. ट्रॉलीच्या बैठकीवर तीनेक वर्षांचा मुलगा मान खाली घालून फोनमध्ये बुडालेला होता. गृहस्थाला वाटलं, ही बाई आपल्याकडे नाक मुरडून बघते आहे. तो ओशाळून सांगायला लागला की हे लावलं नाही तर हा अख्खं दुकान डोक्यावर घेतो, गेल्या आठवड्यात अंड्यांचे दोन ट्रे जमिनीवर आले, घरी बायकोला बरं नाही म्हणून आज आपण एकटेच आलो आहोत. मग फोनकडे बोट करून तो मनापासून म्हणाला, "ही कासवीण आहे म्हणून आमचं घर चाललंय बघा." ती मी, असं सांगावंसं तिला वाटलं. पण तिने उगाच घसा खाकरला, आवाज जाडा केला, आमच्याकडेही तेच, एवढं बोलून पाच किलोचं पाकीट ट्रॉलीत टाकलं आणि काढता पाय घेतला. दोन किलोचं घ्यायचं होतं, हे तिला पुढच्या रांगेत आठवलं.

बाहेरून आलेल्या कार्टूनना आवाज देणं हा तिचा व्यवसाय. त्यात तिने काय काय केलं नव्हतं; दोन चेटकिणी, एक खवचट किटली, मागच्या जन्मीची राजकन्या, खोकल्याच्या औषधाच्या जाहिरातीतला खोकला. मग ही कासवीण आली. तीन पिल्लांची आई, टपू, ढपू आणि गपूची. पडद्यावर तिचं तोंड इतकं हळू उघडायचं आणि मिटायचं की साधं 'इकडे या' म्हणायलाही श्वास पुरवून वापरावा लागे. रेकॉर्डिंगच्या काचेमागे उभं राहून ती वाक्यं ताणायची, मधे थांबायची, पिल्लं चिखलात लोळली तरी, शाळेची वेळ टळली तरी, रागाचा एक कणही आवाजात येऊ द्यायची नाही. तीन तास असं बोलून बाहेर आल्यावर कोंडलेलं सगळं बोलणं घरी बदाबदा बाहेर पडायचं. चप्पल घाल, लवकर, लिफ्ट आली, अगं उलटी घातलीस, राहू दे तशीच चल, पाण्याची बाटली कुठाय, गेली लिफ्ट. नवरा म्हणायचा, तुझी सगळी माया ते बाहेर नेतात आणि आमच्या वाट्याला साल येतं. तो थट्टेतच म्हणायचा. तो दिवसभर लोकांची शीतयंत्रं दुरुस्त करत शिडीवर असायचा आणि घरी आल्यावर त्याला थट्टेपलीकडे काही करायचं त्राणही नसायचं. पण तो झोपल्यावर ती ते वाक्य आतल्या आत चघळत बसायची. कारण ते खरं असावं असं तिला वाटत होतं आणि चित्राच्या प्रकरणानंतर तर ते खरंच आहे अशी तिची खात्री झाली होती.

चित्राचं प्रकरण गेल्या मंगळवारचं. मुलीला, म्हणजे गोटीला (खरं नाव शाळेच्या वहीपुरतं, जन्मली तेव्हापासून गोल गरगरीत म्हणून गोटीच), आणायला ती बालवाडीत गेली तेव्हा बाईंनी तिला बाजूला घेतलं. बाई मोठ्या प्रेमळ होत्या, पण बाजूला घेण्याची त्यांची पद्धत अशी होती की समोरच्याला आपण काहीतरी चोरलं आहे असं वाटावं. त्यांनी कपाटातून चित्रांचा गठ्ठा काढला. सगळ्या मुलांनी आईचं चित्र काढलं होतं. कुणाच्या आईला सात बोटं होती, कुणाच्या आईला मान नव्हती, पण सगळ्या आया होत्या. गोटीने कासव काढलं होतं. हिरवं, पाठीवर चौकटी, चार आखूड पाय, डोक्याच्या दोन्ही बाजूंना दोन काळे ठिपके आणि त्यातून निघून कागदाबाहेर गेलेली एक वेडीवाकडी रेघ. बाई हळू आवाजात म्हणाल्या, डोक्यावर माशा बसल्यात की काय कोण जाणे. मग त्यांनी विचारलं, ही फोन किती बघते? खोटं बोलणं तिला जमलं नाही. ती म्हणाली, मी भाजी चिरताना, मी आंघोळीला गेले की आणि दर शनिवारी खरेदीला. बाईंनी मान डोलावली आणि कुणाला तरी एकदा दाखवून घ्या, असं सुचवलं. नवरा म्हणाला, चार वर्षांची पोर ती, उद्या घोडा काढील. सासूबाई फोनवरून म्हणाल्या, आमच्या वेळी कागदच मिळत नसे. दोघांचंही तिला पटलं नाही. मुलीने आपल्याला बदलून टाकलं आहे, घाईगर्दीची आई काढून तिच्या जागी ती संथ, हिरवी, कधीही न रागावणारी आई बसवली आहे, हे तिला इतकं लख्ख दिसत होतं की इतर कोणाला ते दिसत नाही याचंच नवल वाटे. आणि ती दुसरी आई कोण, तर आपणच. तक्रार तरी कुणाकडे करणार?

तेव्हापासून ती पाळतीवर होती. तिच्या लक्षात आलं की गोटी सगळे भाग बघतच नाही. चाळीस भागांतला चौदावा, तेवढा एकच बघते. तोही पुरता नाही. बोटाने मागे ओढते, थोडा बघते, पुन्हा ओढते. बघताना तोंड किंचित उघडं, डोळे हलत नाहीत. बसथांब्यावर उभ्याउभ्या तिने फोनवर यावरचं मिळेल ते वाचलं होतं. तेच तेच बघणं, हाकेला न वळणं, नजरेला नजर न देणं, अशी ओळीने लिहिलेली लक्षणं वाचताना प्रत्येक ओळ घरातली वाटली. मग तिने परीक्षा घेतली. गोटी चौदावा भाग बघत असताना तिच्या मागे उभं राहून तिने हाक मारली. गोटी वळली नाही. दुसरी मारली. नाही. तिसऱ्या हाकेला ती वळली आणि काउंटरमागचा कारकून बघतो तशी बघत म्हणाली, "काय?" काही नाही, असं म्हणून ती स्वयंपाकघरात गेली, नळ सोडला आणि भांडं न विसळताच उभी राहिली. कुणा डॉक्टरची वेळ घ्यायला हवी होती. नंबर मिळवला होता. फोन अजून केला नव्हता, कारण पलीकडचा माणूस पहिला प्रश्न काय विचारील आणि त्याला आपण काय उत्तर देऊ हे ती चार दिवस मनात घोळवत होती. मुलगी कोणाचा आवाज ऐकते? माझा. मग अडचण काय?

आता ती बटाट्यांपाशी आली होती. बटाटे निवडताना तिचा हात आपोआप चालतो. हिरवट बाजूला, मोड आलेले बाजूला. गोटीचे पाय ट्रॉलीच्या जाळीतून बाहेर लोंबत होते आणि एका बुटाची टाच तिच्या पोटाला लागत होती, ठरावीक वेळाने, पंपासारखी. लहानपणी तिची आई तिला वाण्याकडे न्यायची. वाण्याकडे तांदळाच्या पोत्यावर बसवायची आणि म्हणायची, इथून हलू नकोस. तिथे बघायला काही नव्हतं. तराजूचं एक पारडं खाली जाई, दुसरं वर येई. पोत्याचा तागाचा धागा मांडीला टोचे. पिठाचा आणि घासलेटचा एकमेकांत मिसळलेला वास येई. तिने कंटाळा आला असं म्हटलं की आई म्हणे, येऊ दे, गेल्यावर जाईल. त्या कंटाळ्यात तिने वाण्याचा आवाज शिकून घेतला होता, त्याच्या नोकराचा, उधारी मागायला आलेल्या म्हातारीचा, दाराच्या कडीचा. घरी येऊन ती ते सगळं करून दाखवायची आणि आई कणीक भिजवता भिजवता हसायची. म्हणजे आपला धंदाच मुळात त्या पोत्यावर जन्मला, असं तिला बटाटा हातात धरून वाटलं. आणि आपण आपल्या मुलीला पोतं द्यायचं सोडून स्वतःचा आवाज डबीत भरून दिला. गोटीच्या वाट्याला कधी कंटाळा आलाच नव्हता. तिला एकाएकी मुलीची फार कीव आली आणि पाठोपाठ स्वतःची चीड आली. हातातला बटाटा चांगला होता, तोही तिने बाजूला फेकला. दोन रांगा पलीकडून कासवीण म्हणत होती, सावकाश, बाळांनो, सावकाश. तो गृहस्थ आता साखरेपाशी पोचला असावा.

यादीत अजून आठ गोष्टी होत्या. गोटी चिडली तर दुकानात तमाशा होणार, ट्रॉली तिथेच टाकून निघावं लागणार, हे सगळं समजत असूनही तिने ट्रॉली तांदळाच्या गोण्यांपाशी नेली, चाकाला पाय लावून अडवली आणि हात पुढे केला.

"दे आता. बास झालं."

"थांब ना. अजून माझं यायचंय."

"तुझं काय यायचंय?"

"माझं गं," गोटी म्हणाली. हे सांगावं लागतंय याचा तिला कंटाळा आलेला दिसला. तिने फोन तिरका केला, म्हणजे दोघींना दिसेल असा, आणि बोटाने चित्र जरासं मागे ओढलं. नेमकं कुठे थांबायचं हे त्या बोटाला पाठ होतं.

ती वाकली. खरं सांगायचं तर तिने हा भाग कधी पाहिलाच नव्हता. रेकॉर्डिंगच्या वेळी तुकड्या-तुकड्यांत पाहिला असेल तेवढाच. घरी फोन गोटीच्या हातात जायचा तोच मुळी आपल्याला कामाकडे बघता यावं म्हणून. पडद्यावर ओढा होता, ओढ्याकाठी वाट होती, वाटेवरून कासवीण चालली होती. तिच्या मागे तीन पिल्लं. तिसरं पिल्लू एका फुलापाशी रेंगाळलं. कासविणीने सावकाश मान वळवली, सावकाश तोंड उघडलं आणि म्हणाली, "टपू, चल. ढपू, चल. गोटी, मागे राहू नकोस गं."

पिल्लाने मान वर केली आणि तुरुतुरु निघालं. गोटीने पडद्यावर बोट टेकवून चित्र थांबवलं आणि तिच्याकडे वर पाहिलं. "आलं," ती म्हणाली.

पिल्लाचं नाव गपू होतं. चाळीसच्या चाळीस भागांत गपू होतं. तिने फोन हातात घेतला, स्वतः मागे ओढला, पुन्हा ऐकलं. गोटी, मागे राहू नकोस गं. स्वच्छ, खणखणीत, पदरात घातल्यासारखं गोटी. आणि मग तिला तो दिवस आठवला. गोटीला ताप होता. शेजारच्या काकूंकडे तिला झोपवून ती कामावर गेली होती, कारण त्या दिवशीची वेळ बदलून मिळणार नव्हती. दिग्दर्शक बाहेर चहाला गेला होता. रेकॉर्डिस्टची दाढ दुखत होती आणि तो गालाला हात लावून, डोळे मिटून, बटणं दाबत होता. सतरा तुकडे उरले होते. काचेमागे ती बोलत होती टपूढपूशी आणि मनात होतं की काकूंनी औषध दिलं असेल का. दोन अक्षरांच्या जागी दोन अक्षरं बसली, कासविणीचं तोंड बरोबर उघडलं, बरोबर मिटलं. रेकॉर्डिस्ट म्हणाला, ओके, पुढचा. तिला स्वतःला कळलं नाही. दिग्दर्शकाला कळलं नाही. ज्यांनी तपासून पुढे पाठवलं त्यांना कळलं नाही. अकरा महिने झाले, घराघरात, ट्रॉली-ट्रॉलीत कासवीण तिच्या मुलीला हाक मारत होती आणि एकाही पोराने, एकाही आईबापाने विचारलं नव्हतं की ही गोटी कोण. विचारलं नव्हतं, पण ज्या एकीला ऐकू जायला हवं होतं तिला ऐकू गेलं होतं.

तिला हसू फुटलं. ते इतकं जोरात होतं की बिस्किटांपाशी उभ्या असलेल्या दोन म्हाताऱ्या वळून बघायला लागल्या. हसता हसता ती एका गोणीवर बसली. चार दिवस छातीवर ठेवलेलं काहीतरी कोणीतरी उचलून नेल्यासारखं वाटत होतं आणि नेमकं कोणी नेलं हे विचारायचीही तिला घाई नव्हती. गोटी वरून, ट्रॉलीतून, न्यायाधीशासारखी तिच्याकडे बघत होती. शेवटी डोळे पुसून तिने विचारलं की ती कासवीण म्हणजे मी, हे तुला ठाऊक होतं का?

"मग कोण?" गोटी म्हणाली.

कधीपासून ठाऊक होतं ते गोटीला सांगता येईना. त्या काचेच्या खोलीत गेलो होतो ना, तेव्हा तू कानाला ते काळं लावलं होतंस, वायरवालं, असं ती म्हणाली. एकदाच नेलं होतं तिला, काकू गावाला गेल्या होत्या म्हणून. गोटी काचेपलीकडे बिस्किटं खात बसली होती आणि पोरीला काही कळलं नाही असं मानून ती निवांत झाली होती. कानाला काळं. वायर. तिच्या डोळ्यांपुढे बालवाडीतलं चित्र आलं. डोक्याच्या दोन्ही बाजूंचे ठिपके, आणि कागदाबाहेर गेलेली रेघ. माशा नव्हत्याच त्या. तिने गोटीला विचारलं, बाईंनी नेमकं काय काढायला सांगितलं होतं? गोटी म्हणाली, आई कामावर असते तेव्हा कशी असते ते काढा. म्हणून मी तशी काढली. वर्गातल्या एकीची आई दाताची डॉक्टर, तर तिने फक्त आई काढली, दात काढलेच नाहीत, हेही तिने नापसंतीने सांगितलं. ते ऐकून आईला वाटलं, चित्र हातात घेऊन आपण किती वेळ बघत होतो, आणि भीतीपायी आपल्याला आपलेच हेडफोन दिसू नयेत. सोमवारी बाईंना सांगायला हवं. बाई काय म्हणतील याची कल्पना करून तिला पुन्हा हसू आलं. आणि हाकेला वळत नव्हतीस ते, तिने विचारलं, परवा मी मागून तीनदा हाक मारली तेव्हा?

"तेव्हा माझं येणार होतं," गोटी म्हणाली. "तू मधेच बोलत होतीस."

ती गोणीवर तशीच बसून राहिली. तांदळाच्या दाण्यांनी खाली थोडी जागा करून दिली होती. दुकानाच्या छतावरचे दिवे, पंख्यांची घरघर, कुठेतरी वजनकाटा बीप करत होता, सगळं पूर्वीच्याच जागी होतं आणि तिला ते फार चांगलं वाटत होतं. तिने सहज, उत्तर काही येईल असं न धरता, विचारलं की ती आई जास्त चांगली आहे ना, रागवत नाही, घाई करत नाही. गोटीने विचार केला. विचार करताना ती नाकाचा शेंडा बोटाने दाबते. मग म्हणाली, "बरी आहे. पण तिला आपण सांगितलेलं ऐकू येत नाही. मी म्हटलं माझा पाय दुखतोय, तर ती तेच बोलली."

गोटीला खाली उतर म्हणावं लागलं नाही, तिनेच हात वर केले. फोन पिशवीत गेला. तो पुढच्या शनिवारी पुन्हा बाहेर येणार होता, त्यात तिला शंका नव्हती. त्या गृहस्थाची अंडी ती विसरली नव्हती. पण आत्ता गोटीला दुसरंच काही करायचं होतं. तिने फर्मान काढलं की आई पुढे जाईल, ती मागे राहील आणि आईने हाक मारायची. आई ट्रॉली घेऊन पिठापर्यंत गेली, वळली, हाक मारली. गोटी धावत आली. तेलापर्यंत गेली, हाक मारली. गोटी धावत आली. साबणापाशी, मिठापाशी, दुधाच्या फ्रिजपाशी तेच. यादीतल्या आठ गोष्टींना पाऊण तास लागला. पहिल्या दोन हाका तिने कासविणीच्या आवाजात मारल्या होत्या, उगाच, काहीतरी द्यावं म्हणून. तिसऱ्यापासून तिचा स्वतःचा आवाज आला, घाईचा, जरा फाटका, आणि सातव्या हाकेला तर त्यात चांगला वैतागही होता, कारण दूध गरम होत होतं आणि पैसे भरायच्या रांगेत एकामागून एक माणसं घुसत होती. गोटीला काही फरक पडला नाही. आठव्या वेळी गोटी मांडण्यांमधल्या वाटेच्या अगदी पार दुसऱ्या टोकाला जाऊन उभी राहिली, वह्यांच्या मांडणीआड, अर्धी दिसेल अशी. इकडे पैसे भरायची रांग पुढे सरकली. मागच्या बाईने ट्रॉलीला ट्रॉली लावली. आता येईल आपली आपण, असं म्हणून तिने या खेपेला हाक मारली नाही. पाकिटं काढून पट्ट्यावर ठेवायला लागली. पावडर, तेल, मीठ.

गोटी आली नाही. मांडणीआडून तिचा एक बूट आणि अर्धा चेहरा दिसत होता. चेहऱ्यावर खेळकरपणा होता, मग तो जरा कमी झाला. ती एक पाऊल पुढे आली आणि पुन्हा मागे गेली, आपल्या जागेवर. माणसं मधून जात-येत होती. मग त्या सगळ्यांच्या पायांमधून तिचा आवाज आला. ओरडणं नव्हतं ते. एखाद्याला विसरलेल्या गोष्टीची आठवण करून द्यावी इतकंच.

"आई, हाक मार ना. मला यायचंय."

मिठाची पिशवी तिच्या हातातच राहिली. तिने पूर्ण छाती भरून श्वास घेतला, काचेमागे कधी घेतला नव्हता इतका, आणि सगळं दुकान थांबून बघेल अशा आवाजात हाक मारली.